बिननंबरचे मासे

घर भाड्याने देताना लोक काय विचारतात? नवरा कुठे नोकरीला, माणसं किती, पाहुणे फार येतात का. भिलाईजवळच्या बोरसीतल्या आमच्या घरमालकांनी यातलं काहीएक विचारलं नाही. दारात उभे राहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मासे खाता का तुमी?"

मनात म्हटलं, झालं, हेही घर गेलं. त्याआधी दोन घरं याच प्रश्नावर हातची गेली होती. मी फणकाऱ्यानेच म्हणाले, "खातो. दर रविवारी खातो."

"वा! मंग एक अट आहे. मासा आनला का कापाच्या आधी मले दाखवाचा. आख्खा. कापलेला मासा मी पाहात नसतो."

आम्ही त्या घरात सहा वर्षं राहिलो आणि सहा वर्षं दर रविवारी मी पिशवी घेऊन आधी खालच्या मजल्यावर हजेरी लावत आले. घरमालक काका मासा परातीत घेत, उलटासुलटा करत, कल्ला उघडून बघत, पट्टीने मापत आणि परत देत. त्यांना मासा खायला आवडायचाही भारी. बऱ्याचदा तो मासा शिजून, रश्शात बसून, वाटीतून पुन्हा खाली जायचा. आता ते नाहीत म्हणून मी मोकळेपणी लिहिते आहे. असते तर या लेखाच्या वाक्यावाक्याला त्यांनी नंबर टाकला असता.

नंबर टाकणं हा त्यांचा रोगच होता. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, तलावाकाठच्या गावातले. भिलाईला आले ते पोलादाच्या प्लांटमध्ये इन्स्पेक्शनला लागले आणि पस्तीस वर्षं पोलादी स्लॅबवर नंबर ठोकत राहिले. कोणत्या भट्टीतला माल, कोणत्या दिवशीचा, सगळं त्या नंबरात. रिटायर झाल्यावर स्लॅब राहिल्या प्लांटमध्ये आणि सवय आली घरी. बादल्यांना नंबर, खुर्च्यांना नंबर, पेरूच्या झाडाच्या फांद्यांना नंबर. "सात नंबरच्या फांदीले यंदा पेरूच नाही," असं ते काळजीने सांगायचे. एकदा मी गच्चीवर गेले तर माझ्या कपड्यांच्या चिमट्यांवर एक ते चोवीस आकडे कोरलेले. मी तणतणत खाली आले.

"काका, चिमटे माझे आहेत!"

"तेच तर म्हणून राहिलो न, बेटा. आता ते तुमचे आहेत हे दाखवता येते."

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माह्या कपाळावर टाकाचा राह्यला तेवढा!"

बुद्धविहारातल्या सतरंज्यांवरही त्यांचेच नंबर. रविवारी वंदना झाली की सगळे एकमेकांची विचारपूस करत, आणि काका दाराशी उभे राहून सतरंज्या मोजत. चौदा नंबरची सतरंजी दोन महिन्यांनी त्यांनी एका लग्नाच्या मांडवातून, नवरदेवाच्या मामाला उठवून, परत आणली होती. विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक फुलांचे फोटो टाकायचे, हे माशांचे टाकायचे. तेही मापाच्या पट्टीसकट. शेवटी त्यांना ग्रुपमधून काढलं. त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. कोणी पेपरातली बातमी सांगो, कोणी शेजाऱ्याची कुचाळकी करो, काका शांतपणे विचारत, "पाह्यलं का? मोजलं का? नाही ना? मंग चहा घ्या." आणि दुसरं, "नंबर नाही त्या मालाले मी ओळखत नाही." या दुसऱ्या वाक्याचा त्यांना फार अभिमान होता. मला ते ऐकून ऐकून वीट आला होता, खरं सांगते.

रोज सकाळी ते प्लांटचं जुनं पिवळं हेल्मेट डोक्यावर घालून स्कूटरने तलावावर जात. तलावावरही ते हेल्मेट उतरत नसे. "तलावात काय डोक्यावर गर्डर पडते का?" असं काकू रोज विचारायच्या. रोज उत्तर एकच, "सेफ्टी ते सेफ्टी."

तो तलाव बोरसीच्या पुढे, शेतं सुरू होतात तिथल्या एका गावाचा. गावातल्या ढीमर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीतल्या, बायकांच्या समूहाने तो पंचायतीकडून मासेमारीसाठी घेतला होता. वीस-बावीस घरं त्याच्यावर. पुरुष जाळं ओढत, बायका माल निवडत आणि टोपल्या घेऊन दुर्गच्या नाहीतर भिलाईतल्या कॅम्प-एकच्या बाजारात जात. समूहाची प्रमुख बिसाहिनबाई. ठेंगणी, काटक, तोंडात बोट घालून सदा गुडाखूने, म्हणजे तंबाखूच्या ओल्या मिसरीने, दात घासणारी. तिच्यासमोर गावचा सरपंचही दबून बोलायचा. ती काकांना 'बबा', म्हणजे आजोबा, म्हणायची.

जाळ्यात मोठ्या माशांबरोबर वीतभर लांबीचे छोटे रोहू-कतलाही येत. ते परत पाण्यात सोडायचे, असं समूहात ठरलेलं होतं. पण सोडताना बायकांचा जीव तुटायचा. त्या छोट्यांच्या ढिगालाही बाजारात गिऱ्हाईक असायचं. एक दिवस बिसाहिनबाईने काठावर बसलेल्या काकांना विचारलं, "बबा, ये छोटे-छोटे मन ला हमन छोड़ देथन, फेर ए मन जीथें कि मर जाथें?"

साधा प्रश्न. आम्ही सोडतो खरं, पण हे जगतात की मरतात? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पाण्यात गेला तर जगेलच की. काका म्हणाले, "सांगतो. मोजून सांगतो."

घरी आले ते हरखून. पस्तीस वर्षांत कोणी त्यांना आपणहून काही मोजायला सांगितलं नव्हतं, साहेबांनी हुकूम दिले होते तेवढेच. रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून त्यांनी नखाएवढे बिल्ले केले, प्लांटच्या ठशांनी त्यांवर नंबर ठोकले. एकेका माशाच्या पाठीतून बारीक तार ओवून बिल्ला अडकवायचा. तलावात बांबू रोवून, मच्छरदाणीचं कापड लावून एक पिंजरा केला. जाळ्यातून निघालेले छोटे मासे नंबर टाकून त्यात सोडले. रोज सकाळी जायचं आणि बघायचं, कोण आहे, कोण गेला. वही लिहायचं काम मात्र माझ्याकडे आलं, कारण स्लॅबवर खडूने लिहिणाऱ्या हाताला वहीची ओळ पुरत नव्हती. त्यांचा एक आठ पानभर पसरायचा.

तिसऱ्या दिवसापासून मासे मरायला लागले. पाठीवर कापसासारखं पांढरं काहीतरी यायचं आणि मासा उताणा व्हायचा. काका एकेक नंबर सांगत आणि मी लिहीत असे. आठवड्यात जवळजवळ सगळे गेले. त्या आठवड्यात काकांनी घरात मासा शिजवू दिला नाही. आमच्या रविवारच्या पिशवीकडेही पाहिलं नाही, हात हलवून वर जा म्हणाले.

मग तलावावर जाऊन त्यांनी बिसाहिनबाईला सांगितलं, "मर जाथें. गिन के देखेंव." मोजून पाहिलं, मरतात.

बिसाहिनबाईने त्यांना हात जोडले. बबा मोजल्याशिवाय बोलत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. त्या दिवसापासून छोटे मासे सोडणं बंद झालं. जाळ्यात येईल ते सगळं टोपलीत जाऊ लागलं. ते हिवाळ्याचे दिवस होते. बायका खूश होत्या आणि काकांना भजी-चहा मिळत होता.

पुढच्या हिवाळ्यात जाळं ओढलं तर त्यात शेवाळ आणि मूठभर मासे. पुन्हा ओढलं. तेच.

थोड्याच दिवसांनी माझी भांडेवाली काम सोडून गेली आणि तिने तिच्या जागी एक बाई पाठवली. दार उघडलं तर बिसाहिनबाई. मला पाहून ती हसली, पण डोळे खाली. मोरीवर बसून तिने माझी खरकटी कढई घासायला घेतली आणि तेवढ्यात काका काहीतरी विचारायला वर आले.

"तू इथं कावून?" काका मराठीतच बोलले.

"तरिया म मछरी नइ ए, बबा," ती राख उचलत म्हणाली. तलावात मासेच नाहीत. एवढंच. आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. काका आल्या पावली खाली गेले.

पेरूला पेरू आले होते, पण ते फांदी मोजायला गेले नाहीत. काकूंनी मला बोलावून विचारलं, "बेटा, यायले ताप तं नसन ना?" मग एका दुपारी ते आमच्याकडे आले, वही घेऊन. माझ्या लेकीचे कान नुकतेच टोचले होते. कानातली तार कसलीतरी हलकी निघाली, कान पिकला, पोरगी भोकाड पसरून बसलेली, आणि मी कोमट पाण्याने पू पुसत होते. काका समोरच्या खुर्चीवर बसून एकच धरून बसले.

"गणित बसून नाही राहिलं, बेटा. सोडलेले मासे मरतच होते. मंग सोडनं बंद केल्यानं मासे कमी कावून झाले? जे मरनारच होते ते टोपलीत गेले, तं तलावाचं काय बिघडलं? सांग न मले."

"काका, मी पोरीचं बघू का तुमचं?"

"सांग न. मी मोजलं होतं. नंबरवार मोजलं होतं."

माझं डोकं फिरलं. आता हुशारीचं श्रेय घ्यायला माझं काही जात नाही, पण मी जे बोलले ते निव्वळ संतापाने बोलले. म्हटलं, "अहो, इथे एवढ्याशा तारेने पोरीचा कान पिकलाय. तुम्ही तर माशांच्या पाठीतून तार ओवली! नंबर न टाकलेले किती मेले ते सांगा आधी!"

काकांनी वही मिटली, उघडली.

"ते ठेवलेच नाई," ते म्हणाले.

"का?"

"नंबर नवता न त्याईले."

लेकीचं रडणंही थांबल्यासारखं झालं, इतके ते बारीक आवाजात बोलले. बिननंबरचा मासा पिंजऱ्यात ठेवावा हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? ज्या मालाला नंबर नाही त्याला ते ओळखतच नव्हते. मला माझ्या तोंडाची लाज वाटली. चहा टाकते म्हटलं, पण ते उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पिंजरे बांधले. एकात तारेचे मासे, एकात बिनतारेचे. बिनतारेच्यातही दोन भाग केले, काही जाळ्यातून थेट पाण्यात टाकलेले आणि काही निवडानिवड होईपर्यंत काठावर पडून राहिलेले. आठ दिवसांनी सगळं उघड झालं. तारेचे मेले. काठावर तडफडत राहिलेल्यांतलेही बरेच मेले. पण जाळ्यातून लगेच पाण्यात गेलेले बिननंबरचे मासे पिंजऱ्यात ठणठणीत फिरत होते. म्हणजे मासे सोडल्याने मरत नव्हते. काकांच्या बिल्ल्याने मरत होते.

त्या संध्याकाळी काकूंनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, "जाऊ द्या न आता. म्हना का औंदा पाऊस कमी झाला. कोनाले समजते?"

"मले समजते," काका म्हणाले. आणि जेवायला बसले.

रविवारी समूहाची बैठक होती, तलावाच्या घाटावर. मी बरोबर गेले, कारण काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली होती. काका उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तलावावर हेल्मेट काढताना पाहिलं. ते दोन्ही हातांत धरून, त्यांच्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत त्यांनी सांगितलं, "गलती मोर हे. छोड़े ले मछरी नइ मरत रिहिस. मोर तार ले मरत रिहिस. तुमन के साल मैं बिगाड़ेंव." चूक माझी, मासे माझ्या तारेने मरत होते, तुमचं वर्ष मी बिघडवलं.

मग एक तरणी बाई उठली. ती आता कॉलनीत तीन घरची भांडी घासत होती. तिने काकांना जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. बबा-बिबा काही नाही, सरळ एकेरीवर. मी उठायला लागले, तर काकांनी मागे न बघता हाताने मला बस म्हटलं. ते ऐकत राहिले. पूर्ण. ती दमून बसली तेव्हा म्हणाले, "सही बात हे."

मी मोठमोठी माणसं पाहिली आहेत. आमच्या ह्यांच्या प्लांटमधले साहेब पाहिले आहेत, शाळेतले पाहिले आहेत, घरातलेही पाहिले आहेत. चूक झाली की वाक्य कसं फिरवायचं हे सगळ्यांना येतं. कोणी विचारलेलं नसताना, कोणाला कळणारही नसताना, वीस घरच्या बायकांसमोर उभं राहून शिव्या खाणारा माणूस मी एकच पाहिला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते सगळं त्या घाटावरच्या दुपारचं आहे.

बिसाहिनबाई शेवटी बोलली. "त अब तोर बात ला काबर मानबो, बबा?" आता तरी तुझं का ऐकायचं?

"झन मान," काका म्हणाले. नको ऐकूस. आणि वही तिच्यापुढे धरली. "तैं गिन." तूच मोज.

तिला लिहिता येत नव्हतं, तिच्या सुनेला येत होतं. वही सुनेकडे गेली. पण माशाला ओळखायचं कसं, बिल्ला तर आता कोणी लावू देणार नव्हतं. त्यावर बिसाहिनबाईने गुडाखूचं बोट तोंडातून काढलं आणि म्हणाली, बकरीचा कान कापतो ना आपण खुणेला, तसा माशाच्या पोटाखालचा एक पर, म्हणजे पोहायचा पंख, कापा. पोटाखाली दोन असतात. घाटाजवळ सोडलेल्याचा डावा कापायचा, तिकडे सांडव्याजवळ सोडलेल्याचा उजवा. म्हणजे कोण कुठे जातो तेही कळेल. काका आ वासून तिच्याकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून हसले, "पस्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं बापा मी, आन हे सुचलं नाही!"

तो उरलेला हिवाळा काका नुसते काठावर. माशाला हात लावायचा नाही, हे बायकांनीच ठरवलं होतं. ते फक्त ओरडायचे, "पाण्यात! आधी पाण्यात! निवडानिवड मंग!" कात्री, कट, पाणी. बायका हसायच्या, त्यांची नक्कल करायच्या, पण हात झरझर चालवायच्या. छोटे मासे सोडले की त्या दिवसाची टोपली अर्धीच भरायची. आणि ती अर्धी टोपली घेऊन बाजारात जाणाऱ्या बायकांकडे काका बघत बसायचे. त्या बायका एकाच माणसाच्या शब्दावर दुसऱ्यांदा विसंबल्या होत्या.

पावसाळा झाला. सांडवा वाहिला. शेजारच्या गावच्या तलावात जाळं पडलं तेव्हा काका स्कूटर घेऊन तिथे हजर. त्यांना उजवा पर नसलेले मासे सापडले. एक नाही, बरेच. म्हणजे सांडव्याजवळ सोडलेले पाण्याबरोबर उतरून पलीकडच्या गावात गेले होते. इकडच्या बायकांनी पोसायचे आणि तिकडच्यांनी खायचे. काकांनी येऊन बिसाहिनबाईला सांगितलं, आणि सांडव्याकडे मासे सोडणं त्या दिवसापासून बंद झालं. पण डाव्या परांच्या माशांचा मात्र कुठे पत्ता नव्हता. एकतर ते आपल्याच तलावात मजेत होते, नाहीतर तळाशी मरून गेले होते. काकांना झोप लागेना. ते वाळले. काकू मला म्हणाल्या, "या मेल्या मासोळ्यांपायी हा मानूस जाते आता."

मग हिवाळ्यातलं पहिलं जाळं पडलं. अख्खा गाव काठावर. मी लेकीला शाळेत सोडून तशीच धावत गेले. बिसाहिनबाईची सून आजारी होती म्हणून वही पुन्हा माझ्या हातात आली. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात, जाळ्याचे दोन्ही दोर हळूहळू काठाला येत होते. पाणी उकळल्यासारखं हलायला लागलं. कोणीतरी "हे! हे!" करून ओरडलं. काका काठावर बसले होते ते उठले आणि पँटसकट पाण्यात उतरले. त्यांना कोणी अडवलं नाही.

बिसाहिनबाईने जाळ्यात हात घालून एक रोहू उचलला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, चांगला भरलेला. तिने तो उलटा केला. पोटाखाली उजवा पर होता. डावीकडे नुसता खुंट.

"डेरी!" ती किंचाळली. डेरी म्हणजे डावा. "बबा, डेरी हे!"

आणि तिने तो मासा काकांच्या हातात दिला. वर्षभरात पहिल्यांदा. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, पोटाखाली अंगठा फिरवून खुंट चाचपला, पुन्हा चाचपला. मला वाटलं आता लांबी सांगतील, म्हणून मी पेन सरसावलं. आणि वर्षभर दुसऱ्यांवर ओरडून ओरडून जी गोष्ट अंगात भिनली होती तीच त्यांच्या हातून झाली. ते वाकले आणि तो भलाथोरला रोहू त्यांनी जाळ्याच्या बाहेर पाण्यात सोडून दिला.

"अई! छोड़ दिस! बबा ह छोड़ दिस!" बायकांनी एकच कल्ला केला. जिने वर्षापूर्वी शिव्या घातल्या होत्या ती तरणी बाई पोट धरून हसत होती. काका भांबावून आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते. बिसाहिनबाईने त्यांच्या दंडाला धरून त्यांना जाळ्याकडे वळवलं. आत पाणी दिसत नव्हतं, नुसते मासे.

"रोवत काबर हस, बबा?" ती म्हणाली. रडतोस कशाला? "गिन न. अब तहीं गिन."